पोचलेल्या जहाजाचे पेढे

दादा,

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी कोठीची खोली उघडली आणि पहिला राग आला तो तुझ्यावरच. खाणावळ सुरू करायची होती, पोरं दोन दिवस फाट्यावरचा वडापाव खाऊन कंटाळली होती, आणि मला तांदूळ किती शिल्लक आहे तेच कळेना. पोती असती तर मोजली असती. पण तू पोती ठेवशील तर ना! समोर तुझा तो लाकडी हौद, माझ्या छातीएवढा उंच, त्यात मोकळा तांदूळ, आणि वरून फळी फिरवून असा सपाट केलेला की त्यावर पाणी भरलेला पेला ठेवला तरी कलंडला नसता. गेलास त्याच्या आदल्या संध्याकाळी फिरवलेली ती फळी. मी वाटी घेऊन गेले, पण हात घालवेना. एक वाटी काढली तरी खड्डा पडणार होता. शेवटी वाण्याला फोन करून वेगळा तांदूळ मागवला आणि त्या दिवशीचा भात त्याचा केला. अशी मी तुझी बहीण. राग तुझ्यावर, आणि हातही तुझ्यामुळेच अडलेला.

तू जहाजावर असताना माझी सगळी पत्रं अशी भांडणानंच सुरू व्हायची, आठवतं? तू म्हणायचास, "सुमे, तुझं पत्र फोडायच्या आधीच गरम लागतं." मग हेही तसंच समज. फरक एवढाच की याला उत्तर येणार नाही आणि मला पहिल्यांदाच शेवटचा शब्द मिळणार. पण त्यात काही मजा नाही रे.

लवळ्याच्या कॉलेजातल्या या पोरांनी तुला कोठीवाला मामा म्हणूनच पाहिलं. अकरा वर्षं तू माझी खाणावळ सांभाळलीस. त्याआधी पंचवीसेक वर्षं तू मालवाहू जहाजावर होतास, आणि शेवटी बोसन झालास, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, हे पोरांना कुणीतरी सांगायचं आणि मग एखादं विचारायचं, "मामा, कंटेनर शिप का?" झालं! तुझा चेहरा असा व्हायचा, जसं कुणी तुला बिनसाखरेचा चहा दिलाय. "खोकी न्हाई वाहिली मी," तू म्हणायचास. "मोकळा माल. गहू, कोळसा, मका, खत, लोखंडाची माती. ना पोतं, ना पेटी, ना दोरी."

हे आपल्या आईलासुद्धा समजावताना तुझ्या तोंडाला फेस आला होता. पहिल्या सुट्टीवर तू घोटावड्याच्या घरी आलास तेव्हा मी सातवीत होते. आई भाकरी थापत होती आणि तू चुलीपुढे बसून राखेत जहाज काढत होतास. लांबच लांब लोखंडी पेटी, तिच्यात सात खोल्या, प्रत्येक खोलीवर लोखंडी झाकण. बंदरात झाकणं उघडायची, वरच्या नळीतून गहू सोडायचा, खोली गच्च भरली की दुसरी.

"आरं, पण गहू पोत्यात आसंल ना?" आई म्हणाली.

"न्हाई गं आये. मोकळाच."

"मंग तो हालत न्हाई?"

"हालतो की. म्हणून तर आमी हाय."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली, जरा विचार केला आणि म्हणाली, "म्हंजी कणगीवर बसून दर्या वलांडतोस म्हण की!" धान्य साठवायची आपली बांबूची कणगी, शेणानं लिंपलेली, कोपऱ्यातच उभी होती. तू तिच्याकडे बघितलंस आणि इतका हसलास की राखेतलं जहाज उडून गेलं. दुसऱ्या दिवसापासून वस्तीत तुझं नाव कणगीवाला पडलं. तुला राग आला नाही. उलट पुढं प्रत्येक कॅप्टनला तू हे सांगितलंस म्हणे, आणि त्यातल्या एकाला तर कणगी म्हणजे काय हे कळावं म्हणून जहाजावर दोरखंडाची छोटी कणगी विणून दिलीस.

माझी खाणावळ तू कशी ताब्यात घेतलीस तेही लिहून ठेवते, नाहीतर लोकांना वाटेल की मी बोलावलं होतं. तू आलास आणि पहिल्याच आठवड्यात पांढरा रुमाल घेऊन माझ्या भांड्यांच्या फळीवरून फिरवलास. रुमाल काळा झाला. तू तो माझ्या नाकापुढे धरलास.

"आधीच्या खेपेला कोळसा भरला आसंल आन् पुढच्या खेपेला गहू भरायचा आसंल, तर आमी खोली चार-चार दिस धुतो. मग तपासणारा येतो. असा हात फिरवतो. हाताला काळं लागलं तर गहू भरायचा न्हाई. सगळं पुन्यांदा."

"ही खाणावळ आहे दादा, जहाज नाही."

"व्हय. हितं तर माणसं जेवत्यात."

त्या दिवशी मी, भाकरी-पोळीवाली कमलबाई आणि तू, तिघांनी मिळून सगळी कोठी धुतली. कमलबाई तुला तोंडावर शिव्या देत होती आणि तू तिला लांब दांड्याचा ब्रश कसा धरायचा ते शिकवत होतास. आज लवळ्यात कुणालाही विचार, सगळ्यात स्वच्छ खाणावळ कुठली. पोरं आपल्याच शेडकडे बोट दाखवतात. हे तुझ्यासमोर मी कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू छतावरही रुमाल फिरवला असतास.

आणि ते ढीग! आषाढात कॉलेजला सुट्टी लागली, गिऱ्हाईक नाही, की तू टेबलावर तांदूळ ओतायचास. शेजारी साखर. शेजारी पोहे, तूरडाळ, मीठ, साबुदाणा. प्रत्येकाचा ढीग वेगळा बसतो हे मी आयुष्यभर स्वयंपाक करून पाहिलं नव्हतं. पोहे अंगाला अंग लावून उभे राहतात, तांदूळ मध्यम, साबुदाणा तर पसरतच जातो. "ह्यो लई नाटकी," तू साबुदाण्याला म्हणायचास. "ह्यला एका जागी बसवत न्हाई." मग टेबलाची एक बाजू हळूहळू उचलायचास आणि कुठला ढीग आधी घसरतो ते पोरांना ओळखायला लावायचास. इंजिनिअरिंगची पोरं हरायची आणि कमलबाई जिंकायची. तू सांगायचास, समुद्रात जहाज असं डावी-उजवीकडे झुलतं. मोकळं धान्य एकदा एका बाजूला घसरलं की ते परत येत नाही, जहाज तसंच कलतं राहतं. म्हणून खोली गच्च भरायची, वरून सपाट करायची, त्याला हालायला जागाच ठेवायची नाही. "ढीग दिसाया बरा दिसतो," तू म्हणायचास, "पर ढिगाचा भरवसा न्हाई."

यावरून आपलं भांडण कधी मिटलंच नाही. मी म्हणायचे पोती बरी. एकावर एक रचली, मोजली, काम झालं. तू म्हणायचास पोत्यात काय आहे ते पोत्यालाच ठाऊक, मोकळं ओतलं की किडा, खडा, ओल सगळं डोळ्याला दिसतं. मी म्हणायचे उंदीर. तू म्हणायचास झाकण. मी म्हणायचे हिशेब. तू म्हणायचास पातेलं.

पातेल्याची गोष्ट मी मरेपर्यंत सांगणार आहे. जहाजावर किती टन माल चढला हे काट्यावर तोलत नाहीत, जहाज पाण्यात किती बुडालं ते बघतात, त्यासाठी अंगावर पुढे-मधे-मागे आकडे रंगवलेले असतात, हे तू सांगितलंस तोवर ठीक होतं. पण मग तू माझ्या सगळ्यात मोठ्या पातेल्याला बाहेरून पांढऱ्या रंगाच्या रेघा मारल्यास, ते पाण्याच्या टाकीत तरंगत ठेवलंस, त्यात वाण्याचं पोतं रिकामं केलंस आणि जाहीर केलंस की माल दीड किलो कमी आहे. वाणी पिरंगुटाहून काटा घेऊन आला. बिचारा इतका दुखावला होता की पाणीसुद्धा पिईना. काट्यावर माल बरोबर भरला. सगळी खाणावळ तुझ्याकडे बघत होती. तू पातेलं उचललंस, उलटंपालटं केलंस, आणि बुडाशी एवढा मोठा पोचा निघाला, बाहेर फुगलेला, गेल्या गणपतीत कमलबाईनं आतून बत्ता आपटला होता तेव्हाचा. तू आधी हसलास. आमच्या सगळ्यांच्या आधी. वाण्याच्या पाठीवर थाप मारलीस आणि म्हणालास, "माल बरोबर हाय. जहाज पोचलेलं हाय." मग तोही हसला आणि दोन कप चहा प्यायला.

चुकलं तर सगळ्यांत मोठ्यानं हसायचं, हे तुला जमायचं. मला नाही जमत. म्हणून तर हे पत्र लांबतंय. ज्याच्यासाठी लिहायला बसले ते अजून आलंच नाही.

तू शेवटचा घरी आलास तो दिवस. पिरंगुटाहून रिक्षा आली, खाणावळीपुढे थांबली, आणि तू उतरलास. हातात एक बॅग, आणि काखेत पत्र्याचा डबा. दुधाच्या पावडरीचा असतो तसला, अर्ध्या शेराचा, बूड ठोकून ठोकून चपटं झालेला. कंत्राट संपायला पाच महिने बाकी होते. मला वाटलं आजारी आहेस. तू म्हणालास, "बरा हाय. उतारलो."

लोखंडाची माती भरायची होती, लाल, पिठासारखी बारीक. बंदरावर उघड्यावर पडलेली, आणि वरून चार दिवस पाऊस लागून गेलेला. हाताला ती कोरडी लागते, तू सांगितलंस, पण आत पाणी असतं. जहाजाचं इंजिन रात्रंदिवस थरथरतं, लाटा हलवतात, आणि मग एखाद्या दिवशी ती कोरडी दिसणारी माती एकाएकी आंबील होते. आंबील एका बाजूला गेली की जहाज आडवं होतं, होड्या सोडायलाही वेळ मिळत नाही. म्हणून भरायच्या आधी डबा. डब्यात अर्धी माती घ्यायची, तो कठीण जमिनीवर पंचवीस वेळा आपटायचा, आणि वर बघायचं. पाणी चमकलं तर माल भरायचा नाही.

तू सहा ठिकाणची माती घेतलीस. चार डब्यांत पाणी चमकलं. वरच्या साहेबाला दाखवलंस. त्याच्याकडे माल पाठवणाऱ्यांचा कागद होता, कागदावर माल कोरडा होता. तू पुन्हा आपटून दाखवलंस. त्यानं पुन्हा कागद दाखवला. मग तू जे डोळ्यांनी दिसलं ते लिहून दिलंस आणि मला उतरवा म्हणालास. जहाज तुझ्याशिवाय सुटलं. त्यानंतर कुठल्याही एजंटाचा तुला फोन आला नाही.

हे सगळं तू मला पाटावर बसून सांगितलंस आणि मी ऐकून घेतलं. पण खरं सांगू? माझ्या डोक्यात दुसरंच होतं. नवरा गेल्यावर मी गाव सोडून इथे चार पत्रे टाकून खाणावळ काढली होती, आणि कुणी वाकड्या नजरेनं बोललं की मी म्हणायचे, माझा भाऊ जहाजावर मुकादम आहे. ते वाक्य माझ्या कमरेला बांधलेलं होतं. तू उतरलास आणि ते सुटलं. मला तुझी काळजी आधी वाटायला हवी होती. आधी मला माझी वाटली.

मग तुझं ते रोजचं सुरू झालं. सकाळी उठलं की फोनवर जहाज कुठं आहे ते बघायचं. जेवायला येणाऱ्या एका मुलीनं तुला मोबाईलवर नकाशा लावून दिला होता, त्यावर एक छोटा हिरवा बाण. तू भाजी निवडताना बाण बघायचास, ताटं मांडताना बाण बघायचास. तुला झोप नव्हती. मला वाटायचं, ते जहाज बुडावं म्हणून तू वाट बघतोयस, म्हणजे तुझं खरं होईल. आपल्या भावाबद्दल मी असलं मनात आणलं. आज लिहिताना लाज वाटते, पण आणलं.

तीन आठवड्यांनी बाण बंदराला लागला. सगळा माल, सगळी माणसं सुखरूप. तू चप्पल घातलीस, पिरंगुटाला गेलास आणि दोन किलो पेढे घेऊन आलास. दुपारची पंगत भरलेली, आणि तू प्रत्येक ताटात पेढा ठेवत सुटलास. "जहाज पोचलं! पोरं पोचली!" तुझा चेहरा असा फुललेला की पोरांना वाटलं मामाला मुलगा झाला.

आणि माझा तोल गेला. भर पंगतीत, हातात भाताची पळी घेऊन मी म्हणाले, "पोचलं ना? म्हणजे काही झालं नसतं. मग तू घाबरलास, एवढंच झालं. घाबरून घरी पळून आलास आणि वर पेढे वाटतोस!"

पोरांचे हात ताटातच थांबले. कमलबाईनं पोळपाटावरून मान वर केली. तू माझ्याकडे बघितलंस, रागानं नाही, काहीतरी सांगावं की न सांगावं असं. मग माझ्या पळी धरलेल्या हातात पेढा कोंबलास आणि म्हणालास, "खा."

मी खाल्ला नाही. ओट्यावर ठेवला, त्याला मुंग्या लागल्या.

अकरा वर्षं झाली. तू तो विषय पुन्हा काढला नाहीस. मी पण नाही. पोत्यांवरून, रुमालावरून, आमटीत गूळ किती यावरून आपण रोज भांडलो, पण तो शब्द तसाच राहिला. कधी कधी तू डबा घेऊन अंगणात बसायचास, कुणाच्या बांधकामाची वाळू, कुणाचं खत असं काहीतरी आपटून बघायचास, आणि मी आतून पंचवीस आवाज मोजायचे. मला वाटायचं, उठावं, बाहेर जावं, म्हणावं, दादा, मी त्या दिवशी चुकले. पण पंचविसावा ठोका पडायचा आणि कुकरची शिट्टी व्हायची. आळस म्हण, नाहीतर अहंकार. तू रोज समोर होतास, त्यामुळे घाई वाटली नाही.

तुझा जलदान विधी खाणावळीतच केला. भन्ते आले, वंदना झाली, पोरं मागे चपला काढून रांगेत बसली होती, त्यातल्या निम्म्यांना मराठीही येत नव्हतं. घोटावड्याहून सगळी भावकी आली, कासार आंबोलीच्या आत्याची माणसं आली. वाणी आला आणि रडला. मला वाटलं होतं मीच सगळ्यांत जास्त रडेन, पण मी जेवणाच्या धावपळीत होते. भात तुझ्या हौदातला केला. कमलबाईनंच फळी बाजूला सारली आणि म्हणाली, "त्यानं कशाला भरला व्हता मग? बघत बसाया?" खड्डा पडला. मी लगेच फळी फिरवून सपाट केला. हाताला सवय नाही माझ्या, जरा चढउतार राहिलेत. तू असतास तर बोलला असतास.

आता परवाचं सांगते.

तू मागच्या महिन्यात मागच्या अंगणासाठी खडीचा चुरा सांगून ठेवला होतास, फरशी बसवायला. मला माहीतच नव्हतं. परवा दुपारी बारा-साडेबाराला डंपर दारात. क्रशरवरून धुऊन आलेला चुरा, मागच्या झाकणातून पाणी ठिबकतंय. डंपर शेडच्या बाजूच्या बोळात उलटा घातलेला. तो बोळ तुला ठाऊक आहे, शेडच्या अंगाला कसा कललाय. आणि शेडमध्ये पंगत बसलेली, तीसेक पोरं.

ड्रायव्हर घोटावड्याचाच, आपल्या ओळखीतला नाही. खिडकीतून म्हणाला, "मावशी, वतू का?"

मी हो म्हणणारच होते. तोंडात हो आला होता. तेवढ्यात मला ते ठिबकणारं पाणी दिसलं, आणि का कुणास ठाऊक, मी म्हणाले, "थांब रे जरा."

आत गेले. तुझा डबा खिळ्याला टांगलेला होता. बाहेर येऊन ड्रायव्हरला म्हटलं, वर चढ आणि यात अर्धा चुरा घालून दे. त्याला वाटलं काहीतरी पूजा आहे. त्यानं दिला. मी ओट्याच्या कडेवर बसले आणि आपटायला लागले. एक, दोन, तीन. आधी पोरं हसली. मग एकानं मोजायला सुरुवात केली, मग सगळी शेड मोजायला लागली. कमलबाई लाटणं घेऊन दारात आली. पंचवीस. मी वर बघितलं.

दादा, पाणी चमकलं.

मी ते इतकी वर्षं ऐकलं होतं, बघितलं पहिल्यांदा. वर कोरडा चुरा होता, डोळ्यांदेखत त्याच्यावर पाण्याचा पातळ थर आला, त्यात मला माझं नाक दिसलं. तू सांगायचास ना, ओला चुरा ट्रॉलीत एका बाजूला चिकटून बसतो, दुसऱ्या बाजूचा सांडतो, आणि उचललेली गाडी चिकटलेल्या अंगावर झोपते. इथे तर बोळ आधीच कललेला. आणि कललेल्या बाजूला पोरं.

"हितं न्हाई वतायचं," मी म्हणाले. माझ्या तोंडून आपल्या घरची बोली कधी आली कळलंच नाही. "खाली रोडला सपाट जागा हाय, तितं वत. आमी पाट्यांनी आणू."

"आवो मावशी, रोजचं काम हाय माजं. धा वर्सं वततोय. काय बी व्हत न्हाई."

"न्हाई."

"लेखी पायजे का काय व्हनार न्हाई म्हणून?" तो हसला. मग पंगतीकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "घाबरल्या व्हय मावशी?"

पोरांचे हात ताटातच थांबले. अगदी तसेच. कमलबाईनं माझ्याकडे बघितलं. तिला आठवत होतं. मलाही. हातात त्या दिवशी पळी होती, परवा डबा होता.

मी म्हणाले, "व्हय. घाबरले."

बस, एवढंच. मला वाटलं होतं जमीन दुभंगेल. काही झालं नाही. पोरांनी जेवायला सुरुवात केली. ड्रायव्हर काहीतरी पुटपुटला, डंपर बाहेर काढला, खाली रोडच्या सपाट जागेवर नेला. मी डबा घेऊन मागोमाग गेले. त्यानं ट्रॉली उचलली. अर्धा चुरा सांडला, अर्धा उजव्या अंगाला चिकटून बसला. गाडी जराशी कलली, थांबली. तो खाली उतरला, फावडं घेऊन खरवडत बसला, आणि एकदा माझ्याकडे बघून पटकन नजर खाली केली. मग उरलेलाही सांडला. डंपर सरळ झाला. बोळात तो पडला असता का? मला माहीत नाही. कदाचित नसताच पडला. तुझं जहाजही पोचलंच की.

पण दादा, पंगत जेवून उठली. तीसच्या तीस ताटं मोरीत आली, मी ती एकेक मोजली, आणि शेवटचं ताट आल्यावर मला रडू फुटलं. तुझ्या विधीला जे आलं नव्हतं ते सगळं तेव्हा आलं. तू पेढे कसले वाटत होतास ते मला तिथे, खरकट्या ताटांपुढे उभी राहून कळलं. तू घाबरलाच होतास. मी बरोबर बोलले होते. फक्त ते शिवी दिल्यासारखं बोलले. तो शब्द मी मागे घेत नाही. मी तो तुझ्याकडून मागून घेते. आता तो माझाही आहे.

संध्याकाळी चप्पल घातली आणि पिरंगुटाला गेले. दोन किलो आणले. रात्रीच्या प्रत्येक ताटात एक. पोरं विचारत होती, "मावशी, कसले?" मी म्हणाले, "आज काही झालं नाही, त्याचे." त्यांना काही कळलं नाही, पण पेढा कोण सोडतंय! काल तो ड्रायव्हर त्याच रस्त्यानं जात होता, त्याला हात करून थांबवलं आणि खिडकीतून एक दिला. त्यानं जरा घाबरतच खाल्ला.

हौद रिकामा होत आलाय. वाण्याला तांदूळ सांगितलाय, सहा पोती. आली की मीच ओतीन, मीच फळी फिरवीन. पोती रचून ठेवणं सोपं आहे हे माझं म्हणणं कायम आहे, तेवढं भांडण शिल्लक राहू दे. डबा धुऊन पुसून परत खिळ्याला टांगलाय. आणि एक पेढा राहिलाय, तुझ्या फोटोपुढे वाटीत ठेवलाय. मागच्या वेळचा मी मुंग्यांना घातला होता. याचा अर्धा मी खाल्ला.

उरलेला तुझा. खा.

तुझी,
सुमी